जुनी मोटारसायकल, दोन छोटी इंजिनं आणि इथेनॉलचं पेट्रोल: कामाच्या नोंदी

११ जानेवारी २०२५

१९७४ ची, ३५० सीसी, एका सिलिंडरची मोटारसायकल. सात महिने जागेवरून हललेली नाही. टाकी अर्धी भरलेली आणि पेट्रोलचा कॉक चालूच राहिलेला. ही पहिली चूक माझी, आणि पुढचं निम्मं काम तिच्यातूनच उभं राहिलं.

झाकण उघडलं तर पेट्रोलचा वास नाही, जुन्या व्हार्निशचा आंबूस दर्प. कॉकखाली इंजिनाच्या पंख्यांवर (गारव्यासाठी असलेल्या धातूच्या पात्यांवर) पिवळट ओघळ वाळलेला. कार्ब्युरेटर हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देतो; त्याच्या खालची पेट्रोल साठणारी वाटी, म्हणजे बाउल, सोडवला. तळाला पांढरी, खडूसारखी भुकटी, पितळी जेटांवर (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यांवर) हिरवट थर, आणि बाउलात येणारं पेट्रोल अडवणारी निडल तिच्या जागेत चिकटून बसलेली. बाजूलाच टू-स्ट्रोक ब्रश कटर पडला होता. त्याचा पेट्रोलचा पाइप हातात घेतला आणि तुकडे पडले. तिसरं इंजिन पाण्याच्या पंपाचं, फोर-स्ट्रोक. ते तेवढं चालू आहे.

तिन्ही यंत्रं इथेनॉलमिश्रित पेट्रोलवर भरवशानं चालवायची, एवढंच ठरवलं आहे. दुसऱ्या कुणाला हेच करायचं असेल तर माझ्या चुका त्यानं पुन्हा करू नयेत, म्हणून तारखेनिशी लिहून ठेवतो.

१२ जानेवारी

पेट्रोलमध्ये इथेनॉल नक्की किती, ते आधी पाहिलं. १०० मिलीचा उभा मोजपात्राचा नळा घेतला. त्यात १० मिली पाणी, वर ९० मिली पेट्रोल. तोंड बंद करून हलवलं आणि दहा मिनिटं ठेवून दिलं. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याकडे जातं, त्यामुळे खालचा थर फुगतो. १० वर असलेली रेघ २७ वर आली. म्हणजे ९० मिलीतून १७ मिली खाली उतरलं, सुमारे १९ टक्के. थोडं इथेनॉल वरच्या थरात राहतंच, आणि पाण्यात मिसळताना आकारमानही किंचित आटतं. तेव्हा हे २० टक्क्यांचं मिश्रण धरून चालतो.

पाण्यात खाण्याच्या रंगाचा थेंब टाकला तर रेघ स्पष्ट दिसते. मी आधी टाकला नव्हता, त्यामुळे दोनदा मोजावं लागलं. उघड्यावर, कुठलीही ठिणगी जवळ नसताना करा.

१८ जानेवारी

कार्ब्युरेटर पूर्ण खोलला. फ्लोट पितळेचा, डाख दिलेला. त्याला काही झालेलं नाही. बाउलची रबरी रिंग मात्र फुगून इतकी लांब झालेली की खाचेत बसेना. रात्रभर वाळत ठेवली तर सकाळी आकसली, आणि ताणून पाहिली तेव्हा बारीक भेगा दिसल्या. जुन्या घडणीच्या रबराचं हे ठरलेलं आहे: भिजलं की फुगतं, सुकलं की तडकतं. गाडी रोज चालत असती तर हे कळलं नसतं. भिजणं आणि सुकणं आलटून पालटून झालं की रबर संपतं.

पांढरी भुकटी म्हणजे बाउलचा धातूच. जस्त आणि ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूला इथेनॉलमधलं पाणी खातं. ब्रशनं साफ केल्यावर खाली खड्डे दिसले, सुदैवानं बसणीच्या कडेपर्यंत पोचलेले नाहीत.

आता चूक. पायलट जेट, म्हणजे आयडलला पेट्रोल देणारा छोटा जेट, बंद होता. क्लीनरमध्ये तासभर भिजवूनही उघडेना, म्हणून मी शिवणकामाची सुई घातली. जेट उघडला, पण भोक मोठं झालं आणि जेट कामातून गेला. नवा मागवून यायला आठ दिवस. विजेच्या वायरीतली तांब्याची एकच तार काढून वापरायला हवी होती. तांबं पितळेपेक्षा मऊ, ते भोक खात नाही. जेटवरचे आकडे मात्र नीट लिहून घेतले आहेत: मेन ११०, पायलट २५.

२६ जानेवारी

पायलट जेट आला. सोबत निडल, तिची बसणी, बाउलची रिंग, कॉकचं वॉशर असा संच. निडलचं टोक व्हायटॉनचं, म्हणजे इथेनॉल सोसणाऱ्या रबराचं, मुद्दाम मागवलं. पाइप मात्र हाताशी होता तोच काळा रबरी लावला. दिसायला जाड, नवा, घट्ट. (ही चूक ठरली. ९ मार्चची नोंद पाहा.)

२ ते ८ फेब्रुवारी

टाकीनं पूर्ण आठवडा खाल्ला.

आधीच्या मालकानं कधीतरी आतून अस्तर लावलं होतं. आत दिवा सोडून पाहिलं तर ते कांद्याच्या पापुद्र्यासारखं सुटत होतं आणि खाली तपकिरी, चिकट लगदा जमला होता. बाउलच्या चाळणीत सापडलेला चिकटा कुठून येत होता ते आता कळलं. जुन्या पॉलिएस्टर जातीच्या अस्तरांना इथेनॉल मऊ करतं. फायबरग्लासच्या टाक्यांचीही हीच गत होते, आणि तिथे तर टाकीच विरघळायला लागते.

अर्धवट सुटलेलं अस्तर ठेवून भागत नाही. ॲसिटोन, मूठभर नट आणि साखळीचा तुकडा आत टाकून टाकी हलवायची, ओतून टाकायचं, पुन्हा भरायचं. असं चार संध्याकाळी. पहिल्या दिवशी मी खोलीत बसून हे केलं आणि अर्ध्या तासात डोकं गरगरलं. नंतरचं सगळं मोकळ्या अंगणात, हातमोजे घालून. आणि रिकामी टाकी ही भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. तिच्या जवळपास ग्राइंडर, वेल्डिंग, काही नको.

अस्तर गेल्यावर खाली गंज. १२ लिटरच्या टाकीत किलोभर सायट्रिक ॲसिड कोमट पाण्यात विरघळवून काठोकाठ भरलं, २४ तास ठेवलं. पत्रा राखाडी, स्वच्छ निघाला. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुतलं, साध्या पाण्यानं धुतलं आणि उलटी करून रात्रभर सुकत ठेवली. सकाळी आत सगळीकडे नारिंगी गंज! उघडा पडलेला पत्रा ओला राहिला की काही तासांत गंजतो, हे मला माहीत होतं, तरी दमल्यामुळे सोडून दिलं. पुन्हा ॲसिड, पुन्हा २४ तास. दुसऱ्या वेळी धुतल्याबरोबर गरम हवा सोडून अर्ध्या तासात कोरडी केली आणि लगेच पेट्रोलमध्ये थोडं टू-स्ट्रोक ऑइल घालून आतून खळबळली. गंज आला नाही.

नवं अस्तर लावलं नाही. टाकीला भोक नसेल तर अस्तराची गरज नाही, असं माझं मत झालं आहे. उघडा पत्रा निदान दिसतो. अस्तराखाली काय चाललंय ते सुटेपर्यंत कळत नाही.

२३ फेब्रुवारी

गाडी पाचव्या किकला चालू झाली. आनंद दहा मिनिटं टिकला. चोक बंद केला की इंजिन वरखाली व्हायचं, रेस सोडली की सायलेन्सरमधून फटफट, आणि तीन किलोमीटरनंतर हेड नेहमीपेक्षा जास्त तापलेलं. प्लग काढला तर पांढराफटक. लीन चालली आहे, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय.

याचं गणित सोपं आहे. शुद्ध पेट्रोल जाळायला एका किलोला सुमारे १४.७ किलो हवा लागते, शुद्ध इथेनॉलला सुमारे ९ किलो, कारण त्यात ऑक्सिजन आधीच असतो. २० टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. नव्या गाड्यांत सेन्सर हे ओळखून इंधन वाढवतो. कार्ब्युरेटरला डोळे नाहीत. १९७४ साली पाडलेल्या भोकातून तो तेवढंच देत राहतो. म्हणजे साधारण ८ टक्के इंधन कमी पडतं.

८ टक्के वाढवायचं म्हणून मी ११० चा मेन जेट काढून १२० चा लावला. गाडी वर रेस घेईना, मागून काळा धूर, प्लगवर काजळी. पुढचा आठवडा प्रज्वलनाचं टायमिंग, कॉइल, कंडेन्सर तपासण्यात गेला.

२ मार्च

कारण सापडलं. आमच्याकडे जुन्या गाड्या करणाऱ्या मिस्त्रीकाकांना जेट दाखवला. त्यांनी विचारलं, “हा आकडा भोकाचा की पेट्रोलच्या धारेचा?” मला हा फरक माहीतच नव्हता. काही कंपन्यांच्या जेटवरचा आकडा मिनिटाला किती इंधन वाहतं ते सांगतो, काहींचा भोकाचा व्यास सांगतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. माझा जेट दुसऱ्या जातीचा. व्यास १.१० वरून १.२० केला की भोकाचं क्षेत्रफळ ९ नाही, १९ टक्के वाढतं. मी जवळपास दुप्पट डोस दिला होता.

११५ चा लावला. क्षेत्रफळात ९ टक्क्यांची वाढ. वरची रेस मोकळी झाली.

पण मेन जेट फक्त पाऊण थ्रॉटलच्या वर काम करतो. रोजच्या चालवण्यात आपण असतो पाव ते पाऊणच्या मध्ये, आणि तिथे थ्रॉटलबरोबर वरखाली होणाऱ्या स्लाइडमधली सुई पेट्रोल किती ते ठरवते (बाउलची निडल वेगळी). क्लिप एक खाच खाली सरकवली, म्हणजे सुई वर आली. आयडलसाठी हवेचा स्क्रू अर्धा फेरा आत. (तुमच्या कार्ब्युरेटरचा स्क्रू हवेचा आहे की मिश्रणाचा ते आधी बघा. मिश्रणाचा असेल तर उलट, बाहेर काढावा लागतो.) फटफट गेली. पंधरा किलोमीटर चालवून, क्लच दाबून तिथेच इंजिन बंद केलं आणि प्लग काढला. बिस्किटी रंग, म्हणजे मिश्रण बरोबर.

९ मार्च

गाडीला पेट्रोलचा वास येतो. गळती कुठेच दिसत नाही. शेवटी पाइप कोरडा पुसून त्यावर कागद गुंडाळला, तासानं कागद ओला. सहा आठवड्यांपूर्वी लावलेला नवा पाइप घामेजत होता. काढून उभा चिरला. आतला थर फुगून भोक निम्म्यावर आलं होतं आणि क्लिपपाशी काळे कण सुटत होते. तेच कण निडलखाली अडकून मागच्या आठवड्यात बाउल ओव्हरफ्लो झाला होता. तेव्हा मी दोष नव्या निडलला दिला आणि ती बदललीही. विनाकारण.

आता आतून फ्लुरोइलास्टोमरचं (व्हायटॉनच्याच जातीच्या रबराचं) अस्तर असलेला पाइप लावला. वर ‘एसएई जे३० आर९’ छापलेलं असतं. ‘आर७’ हा वेगळा, साधा. महाग आहे, साध्या पाइपाच्या कित्येक पट. पण लागतो अर्धा मीटर. पिवळा पारदर्शक प्लास्टिकचा पाइप सुंदर दिसतो, पण काही महिन्यांत काचेसारखा कडक होऊन क्लिपपाशी सुटतो. तो लावू नका.

कॉकमध्ये मूळ बुचाचं सील होतं. बूच ओलं आहे तोवर धरतं, टाकी रिकामी करून ठेवली की आकसतं आणि पुढच्या वेळी गळतं. व्हायटॉनची रिंग मापानं बसवली.

३० मार्च

ब्रश कटर. मोटारसायकलपेक्षा याची दुरुस्ती सोपी आणि याचा धोका मोठा.

कार्ब्युरेटरमधला पडदा कागदासारखा कडक झाला होता, बोटानं वाकवला की करकर आवाज. हा पडदा हलूनच इंधन मोजतो. तो ताठ झाला की इंजिन चालू होतं, आयडलला राहतं आणि रेस दिली की मरतं. पाइप, टाकीतलं फिल्टर, प्रायमरचा (चालू करण्याआधी दाबून पेट्रोल ओढायचा) रबरी फुगा, पडदे, सगळं बदलून अडीच तास. एकदा दोन पॅकिंगांचा क्रम उलटा लागला आणि सगळं पुन्हा खोलावं लागलं. खोलताना फोटो काढा.

धोका प्रत्यक्ष पाहण्यासाठी मी प्रयोग केला. दोन काचेच्या बाटल्यांत ऑइल मिसळलेलं पेट्रोल, दोन्ही १०० मिली. एकीत सिरिंजनं अर्धा अर्धा मिली पाणी टाकत, हलवत गेलो. सुरुवातीला पाणी गायब होतं, इथेनॉल त्याला पोटात घेतं. मग एका क्षणी सगळं दुधाळ होतं आणि थोड्या वेळात दोन थर पडतात. दुसऱ्या बाटलीत त्या क्षणाच्या जरा आधी थांबलो आणि ती बर्फाच्या पाण्यात ठेवली. पाच मिनिटांत तीही फाटली. गार झालं की पाणी धरायची ताकद कमी होते. म्हणून दिवसा स्वच्छ दिसणारं पेट्रोल पहाटे दोन थरांत असू शकतं. १० टक्क्यांच्या मिश्रणात १५ अंश सेल्सिअसला लिटरमागे जेमतेम ५ मिली पाणी मावतं, त्यापुढे ते फाटतं.

आता महत्त्वाचं. खालच्या थरात इथेनॉल आणि पाणी, आणि ऑइल जवळजवळ सगळं वरच्या थरात. टू-स्ट्रोकच्या टाकीतलं फिल्टर वजनदार असतं, ते तळाशीच पडून राहतं. म्हणजे इंजिन सर्वांत आधी ओढतं तो बिनऑइलचा थर, आणि टू-स्ट्रोकला वंगण मिळतं ते पेट्रोलमधल्या ऑइलातूनच. पिस्टन जाम व्हायला वेळ लागत नाही. म्हणून मिश्रण तीन आठवडे पुरेल तेवढंच करतो, घट्ट बुचाच्या डब्यात, आणि जुनं झालं की टू-स्ट्रोकमध्ये मुळीच घालत नाही.

फाटलेलं पेट्रोल कुठल्याही बाटलीतल्या औषधानं पुन्हा जुळत नाही. गंज रोखणारे थेंब धातूला मदत करतात, मी वापरतोही. फाटलेलं इंधन मात्र टाकूनच द्यायचं.

आणि दुसरी बाजूही सांगायला हवी: हवेतल्या दमटपणानं बंद टाकी दोन दिवसांत फाटते, ही भीती खरी नाही. माझ्या मोटारसायकलच्या टाकीत पाणी शिरलं होतं ते झाकणाच्या फाटलेल्या रबरातून, धुताना.

२० एप्रिल

पाण्यानं इथेनॉल बाहेर निघतं तर सगळं पेट्रोलच धुऊन का वापरू नये? पाच लिटर धुतलं, खालचा थर काढला, वरचं गाळून गाडीत घातलं. जेट पुन्हा ११०. आयडल सुंदर. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये रेस दिली आणि सिलिंडरमधून खडखड, मूठभर खिळे डब्यात हलवल्यासारखी. नॉकिंग, म्हणजे इंधन सिलिंडरमध्ये आपोआप भडकणं.

इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे असं भडकणं टाळण्याची ताकद, जास्त असतो, म्हणून त्यात मिसळायचं मूळ पेट्रोल कमी ऑक्टेनचं घेतलं तरी चालतं. इथेनॉल काढून घेतलं की उरतं ते कमी ऑक्टेनचं पेट्रोल, आणि त्यात पाण्याचा अंशही राहिलेला. पिस्टनला हे जास्त वाईट. शिवाय दोन लिटर घाण पाणी-इथेनॉल हाताशी उरलं, ते गटारात ओतता येत नाही. झाकण लावून उन्हापासून दूर ठेवलं आहे, घातक कचऱ्यासोबत द्यायचं. हा उद्योग कुणी करू नये.

याच गोंधळात जुन्या गाड्यांबद्दल नेहमी विचारला जाणारा प्रश्न: व्हॉल्व्हच्या बसण्या झिजणं. ती अडचण पेट्रोलमधलं शिसं गेल्याची आहे, इथेनॉलची नाही. हेड खोललं तर कडक बसण्या घाला, पण तिचा हिशोब इथेनॉलच्या खात्यात मांडू नका.

११ मे ते १ जून

उन्हात वीस-पंचवीस मिनिटं चाललं की गाडी उपाशी राहिल्यासारखी बंद पडते. दहा मिनिटं थांबलं की चालू. मी लगेच ठरवलं, पाइपात वाफ धरते. कारण पटण्यासारखं होतं: १० टक्के इथेनॉलनं पेट्रोलचा वाफदाब सुमारे ७ किलोपास्कल वाढतो. मग कार्ब्युरेटर आणि हेडच्या मध्ये जाड फिनॉलिकचा (उष्णता अडवणाऱ्या कडक प्लास्टिकचा) स्पेसर, पाइपाला उष्णतारोधक वेष्टण, पाइपाचा मार्ग सिलिंडरच्या पंख्यांपासून लांब. तीन रविवार. गाडी तरी बंद पडतेच.

चौथ्यांदा बंद पडली तेव्हा टाकीचं झाकण उघडलं. सुस्कारा टाकल्यासारखी हवा आत शिरली आणि पहिल्या किकला इंजिन चालू. झाकणातलं हवेचं भोक बंद होतं. फेब्रुवारीत टाकी खळबळताना सुटलेलं अस्तर त्यात जाऊन वाळलेलं. तारेनं साफ करायला दोन मिनिटं लागली.

स्पेसर काढला नाही. पाइपाचा नवा मार्गही चांगलाच आहे. पण जुन्या गाडीत काही बिघडलं की हल्ली आपण आधी इथेनॉलवर बोट ठेवतो, आणि साधी कारणं तपासायची राहून जातात. माझं तेच झालं.

२२ जून

ॲव्हरेज. एकाच रस्त्यानं, टाकी काठोकाठ भरून चार वेळा मोजलं: लिटरला ३३.५ किलोमीटर. जुन्या वहीत ३६ ची नोंद आहे. सुमारे ७ टक्के कमी. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या जेमतेम दोन तृतीयांश, त्यामुळे २० टक्के मिश्रणात एवढी घट येणारच. जेट वाढवल्यामुळे ॲव्हरेज गेलं असं म्हणून कुणी जेट परत लहान करू नये. लीन चालवून वाचलेलं पेट्रोल पिस्टनच्या किमतीत जातं.

आतापर्यंतचा हिशोब: कामाचे ७२ तास. त्यातले २५ तरी माझ्या चुकांचे. सुट्या भागांचा खर्च टायरच्या एका जोडीहून कमी, आणि त्यातला तिसरा हिस्सा विनाकारण बदललेल्या वस्तूंचा.

२९ जून

तिन्ही यंत्रं आता काही आठवडे बंद राहणार. मुद्दाम तीन वेगळ्या रीतींनी ठेवली. मोटारसायकल: टाकी काठोकाठ, कॉक बंद, बाउलचा स्क्रू उघडून बाउल रिकामा. पंप: टाकी रिकामी, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं, बाउल उघडला नाही. ब्रश कटर: टाकी रिकामी, प्रायमर दाबून पाइपातलंही काढलं, मग बंद पडेपर्यंत चालवलं.

१४ सप्टेंबर

अकरा आठवड्यांनी उघडली.

मोटारसायकलचा बाउल कोरडा, चकचकीत. निडल मोकळी. टाकीतलं पेट्रोल नळ्यात घेऊन पाहिलं, एकच थर, स्वच्छ. कॉक उघडून बाउल भरू दिला, तिसऱ्या किकला चालू.

ब्रश कटर सहाव्या दोरीला चालू, पडदे मऊ.

पंप चालू होईना. बाउल काढला तर तळाला चमचाभर पातळ चिकटा आणि मेन जेटच्या टोकावर हिरवा थर. इंजिन बंद पडतं तेव्हा पेट्रोलची पातळी जेटच्या खाली गेलेली असते, पण बाउलचा तळ रिकामा झालेला नसतो. तेवढंच पेट्रोल आटत बसलं. मोटारसायकलच्या बाउलचा स्क्रू उघडायला अर्धं मिनिट लागलं होतं. पंपाचा जेट तांब्याच्या तारेनं साफ करून, बाउल पुसून जोडायला दीड तास. बाउलचा स्क्रू गंजून बसला होता, तो बदलून पितळी लावला आहे, म्हणजे पुढच्या वेळी हातानं उघडेल.